निळं का झालं?

तिला सगळे चौकशी म्हणत. कागदोपत्री तिचं छानसं नाव होतं, पण ते हजेरीच्या वेळेपुरतंच वापरात यायचं. चौकशी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. शाळेतही जात नव्हती तेव्हा तिनं आजोबांना विचारलं होतं, की अंघोळीचं पाणी त्या भोकातून जातं ते पुढं कुठं जातं? आजोबा म्हणाले, गटारात. गटारातून? ओढ्यात. ओढ्यातून? नदीत. नदीतून? समुद्रात. "आणि समुद्र भरला की?" आजोबांनी हात टेकले. "हिला उचला आणि स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत नेऊन बसवा," म्हणाले. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं, आणि तिनंही ते मनापासून निभावलं.

बाकी घराला चौकशीचं वावडंच होतं म्हणायचं. आई बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची. तिच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकंच. आणि बाबांचं तर विचारायलाच नको. बाबा एका मोठ्या हॉटेलात भांडी धुण्याच्या खोलीचे मुख्य होते. वाफेनं भरलेली खोली, भिंतीला टेकून उभी असलेली दोन अजस्र मशीनं, आणि मशीनमधून निघालेला प्रत्येक पेला खिडकीच्या उजेडात धरून बघणारे बाबा. पेल्यावर बोटाचा ठसा दिसला, की पेला परत. घरीसुद्धा पाहुण्याला चहा द्यायच्या आधी ते कप उजेडात धरत. आई म्हणायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा यांनी मला नाही बघितलं, कप बघितला."

या बाबांचं एक स्वप्न होतं आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. हॉटेलात ते रोज मागच्या दारानं शिरत, जिथं कचऱ्याचे डबे ठेवलेले असतात. लेकीनं पुढच्या दारानं शिरावं. काळा कोट घालावा, पुढच्या काउंटरवर उभं राहावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून किल्ली द्यावी. त्यासाठी त्यांनी मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला होता. हॉटेलच्या शिक्षणक्रमाला तिची जागा जवळजवळ पक्की होती.

आणि चौकशीनं काय करावं? प्रवेशाला म्हणून गेली आणि शेजारच्या खिडकीवरचं माहितीपत्रक वाचत बसली. पर्यावरणशास्त्र. माती, पाणी, हवा, किडे, कचरा, कायदे, नकाशे. तिला वाटलं, कुणीतरी तिच्या डोक्यातले सगळे प्रश्न गोळा करून त्यांची पदवी केली आहे. घरी न विचारता तिनं तिथंच नाव घातलं.

बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "बरं."

बस्स. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. ते भांडले असते तर परवडलं असतं, भांडणात ती कुणाला हार गेली नसती. पण त्या दिवसानंतर बाबांनी तिच्या कॉलेजबद्दल ब्र काढला नाही. पहिल्या वर्षी तिनं जेवताना सांगितलं, की ओल्या मातीचा वास मातीचा नसतोच, मातीतल्या जिवाणूंचा असतो. बाबांनी मीठ मागितलं. दुसऱ्या वर्षी सगळ्या वर्गानं मिळून कॉलेजच्या कँटीनचा कचरा ताडपत्रीवर पसरला, वेगळा केला आणि तोलला. निम्म्याहून जास्त अन्नच निघालं. तिनं ते हातवारे करून सांगितलं. आई "ईऽऽ, जेवताना काय" म्हणाली, आणि बाबा ताट घेऊन उठले. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून डोकं खाणाऱ्या या पोरीला आता एकच गोष्ट हवी होती. बाबांनी आपल्याला एक प्रश्न विचारावा. कसलाही चालेल.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला. चौकशीनं घरामागचा ओढा घेतला. ओढ्यावर शेवाळ माजलं होतं आणि मासे दिसेनासे झाले होते. ओढ्याच्या मध्यावर एक लाँड्री होती. लाँड्रीवाले काका येईल त्याला सांगत, "अहो, माझी पावडर तसली नाही," पण त्यांचं कोण ऐकतो? साबणाच्या पावडरीत फॉस्फेट असतं, ते पाण्यात गेलं की शेवाळाला मेजवानी आणि माशांचा श्वास कोंडतो. ते पाण्यात आहे का हे बघायची चाचणी तिला फार आवडायची. पाण्यात औषध घालायचं आणि वाट बघायची. पाणी जितकं निळं, तितकं फॉस्फेट जास्त.

पाणी सकाळी लवकर भरायचं असे आणि ओढा तर घरामागंच. म्हणून आदल्या संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून काचेच्या बाटल्या घरी आणायची. तिथले शिपाईमामा त्या सौम्य आम्लात बुडवून, शुद्ध पाण्यानं विसळून द्यायचे. बाटल्यांची टोपली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहायची. सकाळी उचलताना बाटल्या नुसत्या लखलखत असायच्या. मामांचं काम म्हणजे काम, असं तिला दर वेळी वाटायचं.

पाणी निळं झालं. चांगलं गडद निळं. मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. "हे नगरपालिकेला पाठवू या," त्या म्हणाल्या. "सादरीकरण झालं की अहवाल जाईल. लाँड्रीची सांडपाण्याची नाळी बंद होईल बघ." सादरीकरणाला घरच्यांनाही बोलावणं होतं. चौकशीनं ते जेवताना सांगितलं, भिंतीला सांगावं तसं. आई म्हणाली, "मला कामं आहेत गं." आणि बाबा भाताकडं बघत म्हणाले, "मी येतो. सुट्टी टाकतो."

चौकशीचा घास हातातच राहिला. आता बाबा विचारणार, तिची खात्रीच झाली.

पण एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देईना. पाणी भरायचं पहिलं ठिकाण होतं थेट झऱ्यापाशी, जिथं पाणी खडकातून बाहेर पडतं. वर ना घर, ना शेत, ना लाँड्री. ते पाणीसुद्धा तितकंच निळं का? मॅडम म्हणाल्या, "पक्ष्यांची विष्ठा असेल." कबूल, पण इतके पक्षी? रोज? एकाच झऱ्यावर? कुठंतरी पाणी मुरत होतं. तिचं अर्धं मन सांगत होतं, बाई गं, निकाल चांगला आलाय, बाबा येतायत, आता गप बस. उरलेलं अर्धं मन मात्र चौकशीचं होतं.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तिनं प्रयोगशाळेत एक बाटली घेतली, घरी रात्रभर राहून न वापरता परत आलेली. तिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलं, हलवलं, औषध घातलं. शुद्ध पाणी निळं व्हायचं काही कारणच नव्हतं. अशी चाचणी ती दर वेळी करायची, पण प्रयोगशाळेच्याच भांड्यात. तिथं ते कायम पाण्यासारखं पाणी राहायचं.

बाटलीतलं शुद्ध पाणी हळूहळू निळं झालं.

"मामा, तुम्ही बाटल्या साबणानं धुता?" तिनं विचारलं. शिपाईमामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "साबण? अगं, मी हात धुवायलासुद्धा या खोलीच्या बाहेर जातो."

ती तडक घरी आली. आई मशीनवर होती. "आई, माझ्या बाटल्यांना घरी कुणी हात लावतं का?"

आईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "हात काय लावतं? तुझे बाबा धुतात की. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी. हॉटेलातली मशीनची पावडर आणलीय खास. म्हणाले, पोरगी असल्या धुरकट बाटल्या घेऊन कॉलेजात जाते, चार लोक काय म्हणतील."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?"

चौकशीला राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकाच माणसामुळे. तिच्या शिक्षणाबद्दल बाबांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. केली ती ही एवढी एकच गोष्ट, चोरून, रोज, आपल्या हातांना जगात जे सगळ्यात चांगलं येतं ते. आणि त्यानंच तिचा अख्खा प्रकल्प पाण्यात गेला होता.

मॅडमना तिनं लगेच फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहवाल जात नाही. उद्या उभं राहून हेच सांगायचं. कशामुळे झालं तेही. पाणी परत भरावं लागेल, आणि तुझा निकाल बाकीच्यांबरोबर लागणार नाही." चौकशी हो म्हणाली. त्याचं दुःख होतंच, पण तिला खरी भीती वेगळीच होती. जे सांगायचं ते बाबांसमोर सांगायचं होतं. भरल्या सभागृहात, मागच्या बाकावर बसलेल्या बाबांना ऐकवायचं होतं, की तुम्ही धुतलेल्या बाटल्या घाण होत्या.

बाबा घरी आल्यावर तिनं प्रयत्न करून पाहिला. "बाबा, उद्या नका येऊ. फार कंटाळवाणं असतं."

"सुट्टी टाकलीय," बाबा म्हणाले. चौकशी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. परक्या घरी बसावं तसे, पाठ न टेकता. चौकशीची पाळी आली. तिनं ओढा दाखवला, ठिकाणं दाखवली, निळ्या बाटल्यांचे फोटो दाखवले आणि म्हणाली, "यातला एकही आकडा वापरता येणार नाही. लाँड्रीविरुद्ध यातून काहीही सिद्ध होत नाही. बाटल्यांमध्येच फॉस्फेट होतं."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठून आलं?"

"घरी... पावडरीनं धुतल्या गेल्या."

"कुणी धुतल्या?"

"चूक माझी आहे, सर. बाटल्या घरी तशाच ठेवायला नको होत्या. मी लक्ष ठेवायला हवं होतं."

परीक्षक काहीतरी लिहू लागले. तेवढ्यात मागचा बाक करकरला.

"साहेब, मी धुतल्या," बाबा म्हणाले. "तिला माहीत नव्हतं."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. चौकशीचे कान तापले. बाबांनी आता खाली बसावं, असं तिला फार वाटलं. बाबा बसले नाहीत. परीक्षकांकडंही त्यांचं लक्ष नव्हतं. ते तिच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर तिला अनोळखी अशी एक आठी होती.

"पण मला एक सांग," ते म्हणाले. "मी तीन-तीनदा विसळल्या होत्या. कोरड्या फडक्यानं पुसल्या. उजेडात धरून बघितल्या. काचेवर काही म्हणजे काही नव्हतं. मग ते निळं का झालं?"

चौकशीला परीक्षकांचा विसर पडला, मॅडमचा पडला, गुणांचा तर पडलाच. "बाबा, ते काचेला धरून बसतं," ती म्हणाली. "विसळून जात नाही. आणि डोळ्यांना दिसतच नाही इतकं थोडं असतं. पण आम्ही शोधतो ते तेवढंच असतं. तेवढ्यानंसुद्धा ओढ्याला फरक पडतो."

बाबांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. "म्हणजे आमच्या हॉटेलातल्या पेल्यांवर पण असणार?"

"असणार."

आता सगळेच हसले, परीक्षकसुद्धा. बाबा नाही हसले. "आणि आमच्या मशीनचं पाणी?" ते म्हणाले. "दिवसभर वाहतं ते. ते जातं कुठं?"

चौकशी एवढी ओढ्याच्या काठानं हिंडली, पण हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. "माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

पुढं वर्गातल्या मुली पदवी घेऊन आल्या, फोटो काढून मोकळ्या झाल्या. चौकशी पुन्हा ओढ्यावर. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तेही आले, तेच इस्त्रीचे कपडे घालून. झऱ्यापाशी तिनं त्यांच्या हातात मामांनी दिलेली बाटली ठेवली. धुरकट, पाण्याचे डाग पडलेली. बाबांचा अंगठा नकळत काचेवर फिरला.

"धुऊ?" त्यांनी विचारलं.

"हो. पण इथल्याच पाण्यानं. जे भरायचंय त्यानंच तीनदा विसळायची. तोच नियम आहे."

बाबा पँट सावरत उकिडवे बसले. जन्मभर उकळत्या पाण्यानं काच धुणाऱ्या माणसानं बाटली झऱ्यात बुडवली, हलवली, ओतली. पुन्हा बुडवली. तिसऱ्यांदा विसळून, भरून झाल्यावर सवयीनं हात वर गेला आणि बाटली उजेडात धरली गेली. काचेवर थेंब होते, एक पानाचा तुकडाही बाहेरून चिकटला होता. बाबांचं नाक आक्रसलं. चौकशी बघत होती. बाबांनी खिशातल्या रुमालाला हात घातला, थांबले, आणि रुमाल तसाच ठेवून बाटलीला झाकण लावलं.

"चल," ते गुडघ्यावर हात देत उठले. "मी काल मागच्या दारापासून आमची नाळी धरून चालत गेलो. लाँड्रीच्या वरच्या अंगाला ओढ्याला येऊन मिळते. तिथलं पाणी भरायचं ना?"