एका कानातला बोळा

आमचे व्याही मशीनमन. म्हणजे छापखान्यात सिलिंडर मशीन चालवायचे. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली म्हणून ते व्याही, नाहीतर माझं सायकलचं दुकान आणि त्यांचा छापखाना यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण पडली आणि माझ्या म्हातारपणाची चंगळ झाली. दुपार कलली की ते काठी टेकत दुकानात येतात, हवेच्या पंपाशेजारच्या स्टुलावर बसतात आणि "काय सायकलवाले, आज कुणाला पंक्चर केलंत?" म्हणून सुरुवात करतात. मीही सोडत नाही.

माणूस तिखट कानाचा. सोयरिकीचं बोलायला पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा सगळे चहा पीत गोड गोड बोलत होते आणि हे आपले मान तिरकी करून छताकडे बघत बसलेले. मला वाटलं, यांना मुलगी पसंत नाही. शेवटी तोंड उघडलं ते म्हणाले, "तुमच्या पंख्याचं एक पातं वाकलंय." मी टेबलावर चढून पाहिलं तर खरंच वाकलेलं. ते सरळ करून खाली उतरेपर्यंत लग्न ठरलं होतं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

एवढे कान शाबूत कसे राहिले, तर कापसाने. छापखान्याच्या हॉलमध्ये एकाला लागून एक मशिनं, सगळी एकदम चालायची. मशीन सुरू करायच्या आधी खिशातला कापूस काढायचा, बोटांत वळून बोळे करायचे, दोन्ही कानांत घालायचे आणि मगच खटका ओढायचा. व्याही सांगतात, मालक समोर आला तरी आधी कापूस, मग नमस्कार. ज्यांनी आळस केला ते आता दारावरची बेल वाजली की ती टीव्हीतली समजून टीव्हीचा आवाज वाढवतात. नोकरी संपली तरी व्याहींच्या शर्टाच्या खिशात कापसाचा पुंजका असतोच. बँडची वरात जवळ आली की हात खिशाकडे जातो, कानात बोळा बसतो, आणि हे बोलतच असतात; आपण काही केलं हे त्यांना ठाऊकही नसतं. आमच्या हिने मिक्सर लावला तरी तेच. ही म्हणते, "व्याही, चटणी वाटतेय मी, रणगाडा नाही चालवत."

त्यांच्या मशीनचं नाव लंगडी. तिच्या मोठ्या चक्राचा एक दाता कधीतरी तुटला होता आणि त्याला जोड दिला होता. चक्र फिरता फिरता तो दाता आला की मशीन क्षणभर अडखळायची. धडक-खट्, धडक-खट्, धडक... आणि मग खट्. श्वास अडकल्यासारखं. दुसरा कुणी मशीनमन तिच्याजवळ जात नसे. व्याही नवखे, म्हणून त्यांच्या गळ्यात बांधली. आणि पुढे बदलून देतो म्हटलं तरी यांनी सोडली नाही.

न सोडायचं कारण समोर बसायचं. हॉलच्या त्याच टोकाला बाइंडिंगचं लांब टेबल होतं. तिथे बायका छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि सपाट पट्टीने दाबायच्या. त्यांतली एक म्हणजे आमच्या विहीणबाई. अर्थात तेव्हा त्या कुणाच्याच कुणी नव्हत्या. त्या गोंगाटात बोलायची सोय नाही. मग त्यांनी काय करावं, तर लंगडी अडखळली की त्या मोकळ्या क्षणात हातातली पट्टी टेबलावर मारायची. मान खाली, चेहरा गंभीर, जसं काही घडीच दाबतायत. पुढे लग्न झाल्यावर यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बिचारीला टेकू देत होते." लग्नानंतरही दोघं तिथेच कामाला आणि पट्टीही चालूच. घरी भांडण झालं की त्या दिवशी पट्टी बंद. मग यांचा कागद तिरका जायचा आणि फोरमन ओरडायचा. फोरमनला शेवटपर्यंत कळलं नाही की छपाई सुधारायची असेल तर एका बाईची समजूत काढायला हवी.

छापखाना बंद पडला. लंगडी भंगारात गेली, तिचे तुकडे करताना हे बघायला गेले नाहीत. काही वर्षांनी विहीणबाईही गेल्या. त्यानंतर व्याही दुकानात यायचे, पण खोड्या काढायचे नाहीत. एकदा रस्त्यावर सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं. हे उठून गेले, त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मान हलवत परत आले.

मी म्हटलं, "काय व्याही, घर बांधताय?"

"नाही हो. वाटलं, जरा तसा आवाज आहे." मग थांबून म्हणाले, "तिचे फोटो आहेत घरात. तिच्या साड्या आहेत. पण आम्ही दोघं ज्या आवाजात जन्मभर राहिलो ना सायकलवाले, तो कुठेच शिल्लक नाही. एकदा लंगडी कानावर पडली असती तर..." मी उगाच एका चाकाचे आरे घट्ट करत बसलो. ते घट्टच होते.

आता आमची नात. म्हणजे त्यांची मुलाकडून आणि माझी मुलीकडून. दोघांची समाईक मालमत्ता. ती रेडिओ केंद्रात कामाला आहे. तिथल्या जुन्या फिती संगणकात उतरवून घेते. एक दिवस तिला एक फीत सापडली. शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम होता, पुस्तक कसं तयार होतं त्याबद्दल. निवेदक छापखान्याचं नाव घेतो आणि पाठोपाठ हॉलचा आवाज सुरू होतो.

व्याहींना तो दिवस आठवत होता. "आलं होतं रेडिओचं माणूस. पण माझ्या मशीनजवळ नाही उभं राहिलं. म्हणे एवढ्या आवाजाने रेकॉर्डरचा काटा उडतो. घडीवाल्या बायकांच्या टेबलावर ठेवलं सगळं सामान." एवढ्या वर्षांनंतरही तो अपमान ताजा होता.

नातीने आवाज फोनवर पाठवला. दुकानामागच्या खोलीत आम्ही तो फोनच्याच स्पीकरवर लावला. डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाजलं. व्याहींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, ही मशीन नाही. हे तुझ्या आजोबांचं पत्र्याचं दार आहे."

ती हसली, पण तिने मनावर घेतलं. पुढच्या सुट्टीला केंद्रातला मोठा हेडफोन घेऊन आली. अख्खा कान झाकणारा, वजनदार. व्याहींनी तो मानाने डोक्यावर चढवला. मशिनं सुरू झाली. हे डोळे मिटून बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "लांब आहे. कुणीतरी शेजारच्या गल्लीत छापतंय."

"आबा, हेडफोन चांगला आहे, पण फोनला तो ओढवत नाही," नात म्हणाली. "याला जास्त जोर लागतो."

मला लगेच कळलं. "म्हणजे ट्रकच्या दिव्याला सायकलचा डायनामो जोडलाय."

"अगदी तसंच, आजोबा."

मग ती एक छोटी पेटी घेऊन आली, अॅम्प्लिफायर. शिवाय फोनवर पाठवताना आवाज दाबून लहान होतो म्हणून मूळ उतरवलेली प्रत संगणकात घालून आणली. हेडफोनच्या जुन्या गाद्यांचं रेक्झिन सोलवटलं होतं, त्यांच्या जागी नव्या मऊ गाद्या बसवल्या. वायरही बदलली, पण ती म्हणाली, वायरीने काही होत नाही, जुनी फक्त करकर करत होती. आमची ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मुलीच्या लग्नात एवढी तयारी नव्हती केली आपण."

आता आवाज मोठा झाला. खट्खट् भरपूर ऐकू येऊ लागली. पण धडक येईना. लंगडीचा पाय जमिनीवर टेकल्याचं व्याहींना कळेना, आणि पाय टेकल्याशिवाय ती अडखळली कुठे ते कसं कळणार? त्यांचा चेहरा बघवेना. हरवलेल्या माणसाला गर्दीत शोधावं आणि प्रत्येक पाठमोरा माणूस दुसराच निघावा, तसं.

नात त्यांच्याभोवती फिरून बघत होती. एकदम म्हणाली, "आबा, चष्मा काढा."

"चष्मा काढला तर ऐकू कसं येईल?"

"काढा तर."

चष्म्याच्या जाड दांडीमुळे गादी कानामागे उचलली जात होती. बारीक फट होती. खालचा, जड आवाज नेमका त्या फटीतून निसटतो, असं तिने सांगितलं. व्हॉल्व्हमधून हवा गळावी तसा. मी जन्मभर गळणारी हवा शोधली आणि हे मला दिसलं नाही, याचं वाईट वाटलं.

चष्मा काढला. गाद्या नीट बसल्या. नातीने पेटीचं बटण जरा पुढे केलं, आणि व्याहींची पाठ ताठ झाली. काठीवरचा हात हळूच वर उठला, कागद लावायला उठावा तसा.

"आली," ते म्हणाले.

ते ऐकत होते. मशीन अडखळायची वेळ झाली की त्यांचा हात हवेत थांबायचा, मग पुन्हा चालायचा. खूप वेळ तसं चाललं. ते पुटपुटत होते, "हीच. हीच ती."

तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. कप त्यांच्या हातात देण्यासाठी तिने हेडफोनची एक बाजू जरा उचलली आणि तशीच उभी राहिली.

"अहो व्याही, कानात काय घातलंय?"

कानात कापूस होता. दुसरी बाजू उचलली, तिथेही. मशीन सुरू होणार म्हटल्यावर त्यांच्या हाताने आपलं काम केलं होतं, आणि हेडफोनच्या आड आम्हाला कुणाला दिसलं नव्हतं. हेडफोन आला त्या दिवसापासून प्रत्येक वेळी हे असंच चालू होतं.

नात कपाळाला हात लावून खाली बसली. "आबा, मी वायरी बदलतेय, गाद्या बदलतेय, पेटीसाठी केंद्रातल्या साहेबांच्या हातापाया पडतेय..."

"मशीन चालू करताना कापूस घालू नको तर काय करू?" व्याही म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसेना.

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नात म्हणाली, "बरं, आता काढा आणि ऐका. आता खरं ऐकू येईल."

त्यांनी बोळे काढले, हेडफोन चढवला. आवाज सुरू झाला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही लंगडी नाही," ते म्हणाले. "हे कुणाचं तरी दुसऱ्याचं मशीन. किती कर्कश आहे. हे असं नव्हतं."

नात काही बोलायला गेली, मी तिला खुणेने थांबवलं. तिलाही कळलंच. त्यांनी लंगडी उभ्या जन्मात कापसातूनच ऐकली होती. बाकी जगाला हेडफोन, पेटी आणि गाद्या पुरल्या असत्या. यांना त्यावर कापूसही हवा होता.

ते बोळे परत घालायला हात नेत होते. तो मधेच थांबला.

"हे काय वाजतंय?"

"काय, आबा?"

"टक्. अडखळली की टक्."

नातीने हेडफोनची एक बाजू आपल्या कानाशी धरली. ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आबा, मायक्रोफोन टेबलावर होता ना. घडीवाल्या बायकांच्या."

व्याहींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. चष्मा नसल्याने त्यांचे डोळे लहान मुलासारखे दिसत होते. मग म्हणाले, "मी कधी ऐकलीच नव्हती ही पट्टी. मला फक्त हात दिसायचा. हात खाली यायचा, की मी समजायचो, मारली. कानात बोळे. ऐकू कशी येणार?" जरा वेळाने, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात, "एकदा काढून बघायचं सुचलं नाही हो मला. ती समोर होती."

आमची ही चहाचा कप तसाच हातात धरून उभी होती.

व्याहींनी पुन्हा बोळे कानात घातले. लंगडी आली, पण टक् गेली. काढले, तर टक् आली आणि लंगडी परकी झाली. दोनदा, तीनदा घातले, काढले. नात म्हणाली, संगणकात काहीतरी करून बघते, दोन्ही जमवता येईल. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग एक बोळा डाव्या कानात नीट दाबून बसवला आणि दुसरा खिशात ठेवून दिला. हेडफोन चढवला.

डावा हात कागद लावू लागला. उजवा मांडीवर नुसता पडून होता. मशीन अडखळली, डावा हात थांबला, आणि त्यांची मान जराशी उजवीकडे वळली. समोरच्या टेबलाकडे बघावं तशी.

आता व्याही रोज दुपारी दुकानात येतात ते आधी मागच्या खोलीत जातात. पेटी आणि हेडफोन नातीने तिथेच ठेवलेत, साहेबांना काय सांगितलं ते तिलाच माहीत. एक बोळा कानात, एक खिशात, चष्मा टेबलावर. मी पुढे पंक्चर काढत असतो. ते बाहेर येऊन स्टुलावर बसतात, पण खोड्या लगेच सुरू होत नाहीत. डाव्या कानातला बोळा काढायची आठवण व्हायला त्यांना थोडा वेळ लागतो. मी तोवर गप्प राहतो. आणि आमची ही, जी कुणाचंच ऐकणारी नाही, ती चटणी आता सकाळीच वाटून ठेवते.