लॉकरसमोरची खुर्ची

मी कुणालाही न विचारता "नाही" लिहिलं, आणि भोगलं सुमनअक्काच्या सासूने.

आज अक्काला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून कशातच मन लागत नाहीये. चहा दोनदा गार झाला.

आमचा जळगावचा केळी वेफर्सचा कारखाना. मी एचआरला, अक्का पॅकिंगला. मागे एक नियम निघाला, ड्युटीवर मोबाइल लॉकरमध्ये. सगळ्या कामगारांचा.

अशा नियमाआधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात रकाना असतो, "कोणत्या गटाला याचा जास्त त्रास होईल का?"

मी एसीत बसून लिहिलं, "नाही. सर्वांना समान." आणि सही ठोकली.

अक्का त्याच दिवशी ऑफिसात आली. माहेर धुळ्याकडचं, बोलणं पक्कं अहिराणी.

"नियम सारखा शे, भाऊ. पन घर सारखं शे का?"

"अक्का, नियम म्हणजे नियम."

काय शहाणा होतो ना मी!

पंधरा दिवसांत नशिराबादला तिची सासू अंगणात घसरून पडली. घरात दुसरं कोणी नाही. म्हातारीला फोनवरून एकच नंबर लावता यायचा, सुनेचा. ती लावत राहिली.

अक्काने ते मिस्ड कॉल शिफ्ट सुटल्यावर पाहिले. म्हातारी दुपारभर उन्हात पडून होती. नंतर ती धड चाललीच नाही.

मला वाटलं, अक्का आता शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. पण कामावर परतली त्या दिवशी तिने लॉकरच्या रांगेसमोर प्लास्टिकची खुर्ची आणून टाकली.

"एक दिन आठे बस, भाऊ. तुले बठ्ठं समजी जाई."

सगळं समजेल म्हणाली, म्हणून बसलो.

पुरुषांचे लॉकर गपगार. बायकांच्या बाजूचा पत्रा मात्र आतल्या फोनांनी सारखा थरथरत होता. सुट्टी झाल्यावर एकेकीला विचारलं. कुणाच्या मुलाची शाळा, कुणाच्या सासऱ्याचा दवाखाना.

अरे, पुरुषांच्या घरचे फोन त्यांच्या बायका उचलतात. या बायकांचे कोण उचलणार?

त्यानंतर भांडून पॅकिंगच्या टेबलावर एक फोन बसवून घेतला. घरून फोन आला की सुपरवायझर हाक मारायचा. कितीतरी जणी त्या हाकेवर धावत घरी गेल्यात.

गेल्या वर्षी अक्का काविळीने गेली.

आणि काल नवे मॅनेजर म्हणाले, "तो टेबलावरचा फोन बंद करा, टाइमपास होतो. फॉर्मॅलिटी आहे, 'नाही' लिहून टाका."

तोच फॉर्म. तोच रकाना. मी घाबरलोय, खोटं कशाला बोलू?

पण रकाना कोरा ठेवलाय. उद्या साहेब यायच्या आत लॉकरसमोर खुर्ची टाकणार आहे. त्यांना बसवणार, एक पूर्ण शिफ्ट. मग काय व्हायचं ते होवो.

आत्ताच नशिराबादहून आलो. म्हातारीच्या फोनमध्ये तुझ्या जागी माझा नंबर टाकलाय, अक्का.

तू आता निवांत जा. फोन मी उचलतो.