सावंतचे थेंब

दुधाचं पातेलं कितीही राखा, तळाला खरवड धरतेच. कँटीनचं तसंच आहे. माणसं जेवून जातात, ताटं धुतली जातात, किस्से मात्र तळाला चिकटून राहतात. आज जरा उलथनं घेऊन बसले आहे. मी चौथी पास, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी आपलं ताट आपण धुवावं!

आमचा कारखाना जर्मनीत, त्सुफेनहाउझेन गावाच्या पलीकडे. गाड्यांचे ब्रेक बनवतो. माझा नवरा इकडे आचारी म्हणून आला, त्याच्यामागे मी आले आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले. दर गुरुवारी शाकाहारी जेवण माझ्या हातचं असतं. त्या दिवशी खिडकीपाशी आपली मराठी पोरं बसतात. पोरं म्हणायची, टक्कल पडलंय निम्म्यांना!

* * *

त्यातला सावंत कोल्हापूरचा. ब्रेक तपासायच्या हॉलमध्ये इंजिनियर. पाठीचं ऑपरेशन झालं, तरी एक नस ठणकायची ती ठणकायचीच. वर्षभर बिचारा नवरीसारखा जपून जपून चालायचा. मग अचानक ताठ चालायला लागला. मी म्हटलं, चला, देव पावला.

देव नव्हता. एका गुरुवारी रुमाल काढताना त्याच्या खिशातून छोटी बाटली टेबलावर पडली. समोर त्याच हॉलमधला जोशी, पुण्याचा. जोशीला दुसऱ्याचं वाचायची फार हौस. त्याने लेबल वाचलं आणि ताट उचलून दोन खुर्च्या पलीकडे गेला.

"सावंत, हा गांजा आहे?"

"औषध आहे. डॉक्टरने लिहून दिलंय, अपोथेकेतून आणलंय. रात्री झोपताना थेंब घेतो."

"म्हणजे गांजाच!"

मी पोळ्या वाढत होते. म्हटलं, "जोशी, बाटलीला बूच आहे. थेंब काय उड्या मारत येणार आहेत तुझ्या आमटीत?"

तरी त्याने आमटीवर पोळी झाकली!

* * *

बातमी पुण्यामार्गे कोल्हापूरला पोचली. सावंत घरी पोचायच्या आधी! दुसऱ्या दिवशी जेवताना त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल. मी मागेच उभी.

"मिल्या, गांजा ओढतोस? तुला ह्यासाठी जर्मनीला पाठवला? इथं देवळामागं काय कमी बसले होते?"

"आई, ओढत नाही गं. थेंब आहेत. सरकारमान्य."

"सरकारचं कौतुक मला सांगू नको. पाठ दुखायची राहिली का, ते सांग."

"राहिली."

आईने फोन तोंडाशी आणला. मग हळूच म्हणाली, "माझ्या गुडघ्याला चालंल का रे?"

सावंत तिथेच ओरडला, "आई, ते पार्सलने पाठवलं तर मी आत जाईन!"

"बघा. एवढं शिकवलं, आणि आईला एक बाटली देववत नाही!"

* * *

हसून झालं. पण हॉलमध्ये नियम कडक. यंत्रावर नशेचा माणूस चालत नाही, आणि बरोबरच आहे ते. हात अडकला तर हात जातो. हॉलचा मुख्य बेर्न्ड, माणूस लाख मोलाचा, पण नियम म्हटला की खांब. बातमी त्याच्याही कानावर गेली. त्याने सांगितलं, कारखान्याचा डॉक्टर लायक ठरवेपर्यंत सावंत यंत्रावर नको. बसवला त्याला ऑफिसात, खुर्चीवर. पाठीच्या माणसाला दिवसभर खुर्ची!

सावंतचा करार हॉलच्या कामाचा, आणि तो संपत आलेला. हॉल गेला की करार गेला, करार गेला की बायकोपोरासकट परतीचं विमान. पोरगा इथल्या शाळेत, आपण मराठीत विचारावं तर जर्मनमध्ये उत्तर देणारा. त्याला कोल्हापुरात कुठल्या वर्गात बसवायचा?

मी बेर्न्डला पकडलं. शुक्रवार होता, कामाचा आठवडा संपवून कँटीनमध्ये ग्लास घेऊन बसलेला. म्हटलं, "सावंतचे थेंब रात्रीचे, तरी तो खुर्चीवर. आणि हा तुझ्या हातात काय आहे?"

"फ्राउ पवार, बिअर म्हणजे पेय नाही. बिअर म्हणजे अन्न!"

अन्नच ते. मिशीला फेस लागला होता अन्नाचा.

* * *

जोशी रोज ऐकवायचा, "आल्झो, म्हणजे असं बघा, माझं वैयक्तिक काही नाही. पण यंत्राशेजारी डोकं जागेवर हवं."

वसंत लागला तशा जोशीच्या शिंका सुरू झाल्या. परागकणांची सर्दी. गोळी घ्यायला लागला. एके दिवशी कॉफी मशीनला टेकून उभा. कप भरला, वाहिला, बूट भिजले, जोशी डोळे मिटून उभाच! मी हलवलं तर म्हणतो कसा, "झोपलो नव्हतो. विचार करत होतो."

"घोरत विचार करतोस होय रे?"

हे कामगारांच्या प्रतिनिधीने पाहिलं. बाई खमकी. तिने बेर्न्डला सांगितलं, "एकट्या सावंतची तपासणी का? हॉलमधल्या सगळ्यांची करा. बसू दे सगळ्यांना दिव्यासमोर." दिवा लागला की चटकन बटण दाबायचं, अशी ती परीक्षा.

जोशी म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! होऊन जाऊ दे!"

* * *

परीक्षा ठरली गुरुवारी दुपारी, जेवणानंतर. नेमका गुढीपाडवा. मी श्रीखंड-पुरी केली. आता श्रीखंडात जायफळ लागतंच, आणि माझा हात लहानपणापासून सढळ.

जोशीने तीन वाट्या चापल्या. बेर्न्डने चाटून पाहिलं, म्हणाला, "हे पेय की अन्न?" म्हटलं, "अन्न. घे पोटभर." त्याने घेतलं. डॉक्टरही लवकर आले होते, ते आमच्याच टेबलावर बसले. "दह्याचं एवढं चांगलं होतं?" म्हणत वाटी पुढे करत राहिले. पाहुण्याला नको कसं म्हणायचं?

सावंतने मात्र भीतीने गोडाची वाटी बाजूला सारली. त्याला मी साधा वरणभात वाढला.

मग एकेक जण आत. जोशी बाहेर आला तो डोळे चोळत. "दिवा फार मंद आहे हो." बेर्न्ड बाहेर आला तो भिंत धरून. त्याला म्हणे पुन्हा बोलावलंय. सावंतचा नंबर शेवटचा. बराच वेळ झाला, दार उघडेना. हातातला डाव तसाच.

शेवटी सावंत बाहेर आला. हळूच, पावलांचा आवाज न करता.

"मावशी, एकही दिवा चुकला नाही! सगळ्या हॉलमध्ये पहिला!"

"मग सही झाली का लायकीची?"

त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि दार अलगद ओढून घेतलं.

"होईल. डॉक्टर उठले की."