ठोका येताना दिसला पाहिजे

“ठोका कोपरातनं निघतो, गुरुजी,” असं म्हणत तो लोहार माझ्या कोपरावर बोट टेकवायचा. बोलायचा मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता. तरुणपणी तापात दोन्ही कान गेले होते.

तिसगावच्या बाजाराला कधी गेला असाल, तर त्या लोहारांच्या भट्टीपुढे तुम्हीही थबकला असाल. थोरला भाऊ हातोडीनं जागा दाखवायचा, हा धाकटा तिथं घण घालायचा. नजर भावाच्या हातावर. ठार बहिरा, पण ठोका चुकला नाही.

मी समोरच राहायचो; शाळेत मास्तर होतो. एकदा गंमत म्हणून मी बॅटरी लावत-विझवत राहिलो आणि त्याला त्याच तालावर बोटानं ठोका द्यायला खुणेनं सांगितलं. एक धड पडेना. मग चेंडू आपटला. प्रत्येक टप्प्याला त्याचं बोट बरोबर पडलं.

“उजेड नुसता येतो न् जातो. चेंडू येताना दिसतो,” तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

पुढं छातीत कळ येऊन भाऊ गेला. त्यात बहात्तरचा दुष्काळ. विधवा वहिनीला घेऊन तो सरकारी विहिरीच्या कामावर गेला. खडकात सुरुंगासाठी भोकं पाडायची होती. वहिनी पहार उभी धरणार, हा वर घण घालणार. दोन ठोक्यांच्या मध्ये तिनं पहार फिरवायची. सगळं मुकादमाच्या शिट्टीवर. बहिऱ्याला कोण घेणार?

मीच मध्ये पडलो. “याला झेंडी दाखवा की,” मी मुकादमाला म्हटलं.

मुकादम झेंडी झटक्यात वर करायचा, झटक्यात खाली.

“गुरुजी, फडकं कवा हलंल ते आदी कळत न्हाई,” तो संध्याकाळी म्हणाला. बॅटरी तेव्हाच आठवायला हवी होती. मी हातानं खुणावलं, होईल सवय.

तिसऱ्या दिवशी घण उशिरा पडला. वहिनी तोवर पहार फिरवत होती.

तीन बोटं गमावून ती दवाखान्यातून आली. “भावजी, तुमचा दोष न्हाई,” असं ओठ ठळक हलवून सांगायची. पण तो तिच्या तोंडाकडे बघायचाच नाही.

एका सकाळी तो घरात नव्हता. पाथर्डीपर्यंत शोधलं, कोपरगावच्या साखर कारखान्यांवर विचारलं. कुणी पाहिला नव्हता.

वहिनी रोज सडकेच्या कडेला उभी राहायची. एकदा मला म्हणाली, “गुरुजी, मागनं मोटार आली तर त्यास्नी कळंल का?”

समोरून एसटी गेली. धुरळा खाली बसल्यावर मीही तिच्याशेजारी सडकेच्या कडेला उभा राहिलो.