तिसऱ्या गाण्यातला बेस

निम्मे कपडे दोरीवर होते, निम्मे बादलीत, तेवढ्यात गिटारवाल्याला त्याच्या जुन्या रॉक बँडमधल्या बेसवाल्याचा, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्या मित्राचा, फोन आला. "गिटारवाल्या, नातीला आपला दुसरा अल्बम ऐकवला. तिसऱ्या गाण्यातल्या माझ्या बेसवर पोरगी उड्या मारतेय लेका!"

तो बेस मित्राचा नव्हताच. रेकॉर्डिंग संपवून मित्र घरी गेल्यावर गिटारवाल्यानेच त्याचं वाजवणं पुसून स्वतः वाजवलं होतं, आणि तीस वर्षं त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

आज बायकोला सगळं सांगितलं.

"देवापुढे रोज हात जोडता, एकदा त्याच्यापुढेही जोडा की."

"नातीसमोर त्याचं तोंड उतरेल गं."

"मग ती शाळेत गेल्यावर जा."

अकरा वाजता बादली बायकोकडे सोपवून तो बेसवाल्याच्या घरी निघाला.