राक्षस येतानाचं संगीत

माहेराहून, साखऱ्याहून फोन आला तेव्हा मी वसमतला अंगणात शिजवलेली हळद पसरत होते. "संभा गेला... छातीत दुखलं म्हणला, अन् बसल्या जागी." संभा म्हणजे माझा पाठचा भाऊ. पिवळ्या हातानं फोन धरून मी विचारलं, "कुठं गेला?" काय मेला प्रश्न! महिना होत आला, तरी डोकं त्याच प्रश्नापाशी अडकून बसलंय.

आमच्या घरात मेंढरं. संभाला मात्र भोंग्यांचं वेड. लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचा धंदा त्यानं काढला. एकदा नांदेडहून कॅसेट आणली, टीव्हीवर रविवारी लागणाऱ्या अंतराळातल्या मालिकेची. वरचं यानाचं चित्र बघून घेतली. घरी लावली तर एक गाणं असेल तर शपथ! नुसतं प्रसंगांच्या मागं वाजणारं संगीत. आबा म्हणाले, "गाणारा झोपला का काय रं?" पण संभा हटला नाही. माझ्या लग्नात, पाठवणीला सगळे लावतात ती रडकी गाणी सोडून त्यानं यातलाच एक तुकडा लावला. लांब, खोल, पोटातून येणारा. गावात टीव्ही एकच, तोही सदा बंद. ते कशाचं आहे कुणाला ठाऊक? औंढ्याच्या नागनाथाचं असेल म्हणून एका म्हातारीनं हात जोडले. मी तर अशी रडले की नवरा घाबरला. त्यानंतर साखऱ्याची एकही पोरगी त्या सुरांशिवाय सासरी गेली नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी ती मालिका पुन्हा लागली. भाकरी थापता थापता तेच सूर कानावर आले म्हणून धावले... तर पडद्यावर यानाचं दार उघडून राक्षस बाहेर येत होता! मालक हसून लोळले. "तुझी पाठवणी लागलीय बघ!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाऊबीजेला ओवाळायच्या आधीच संभाला धरला. "काहून रं मेल्या, राक्षस लावलास व्हय माझ्या पाठवणीला?"

तो दाजींकडं बघत म्हणाला, "बराबर लावलं की अक्का. आलताच की न्यायला."

सगळे हसले. मीही हसले, पण आत खुटखुट राहिली. आयुष्यातल्या त्या घटकेची ह्यानं थट्टा केली होती का? की त्यालाही ठाऊक नव्हतं? पुन्हा विचारू, विचारू म्हणता म्हणता... आता कुणाला विचारू?

तेराव्यानंतर भावजयीला, मंदाला विचारलं. ती म्हणाली, "ते मला न्हाई ठाऊक, वन्सं. पण ती कॅसेट लावली की ते स्पीकरच्या बॉक्सच्या मागं जाऊन बसायचे, डोळे पुसत. म्या तिथंच चहा नेऊन द्यायची अन् म्हणायची, दुसऱ्याच्या पोरीसाठी काहून रडून राहिले? तर म्हणायचे, 'आमची अक्का चालली.'"

मग राक्षसच काहून रं लावलास?... मला अजून उलगडा होत नाही. त्याच्या सामानाच्या खोलीत मी ती कॅसेट लावली. सूर उठले तसं मला हसू फुटलं आणि रडूही. मंदा मात्र चहाचा कप घेऊन सवयीनं बॉक्सच्या मागं गेली, आणि कप तसाच घेऊन परत आली.