शिगेचं माप

भीमाबाई गेल्याचं मला तिच्या मुलीकडून कळलं, तेव्हा मी किनवटच्या बाजारात चिंचेखाली पोतं पसरत होतो. त्या बाजाराला आता महिना होत आला. "आई गेली, शेट. होळीच्या आधीच," एवढंच बोलून ती आईच्या जागेवर बसली आणि चारोळीच्या बियांचं गाठोडं सोडू लागली.

आमचं दुकान आधी उदगीरला, लातूर जिल्हा झाल्यावर लातूरला. पण उन्हाळ्यातला किनवटचा फेरा वडिलांच्या वेळेपासूनचा. बासुंदीवर आपण चिमूटभर चारोळी टाकतो, तिच्यासाठी भीमाबाई दिवसचे दिवस रानात असायची... फळं गोळा करायची, भिजवायची, चोळून बी काढायचं, वाळवायचं. त्याबदली आम्ही मीठ द्यायचो, मापाला माप. ऐकायला बरं वाटतं. पण वडिलांनी पहिल्याच बाजारी मला शिकवलं होतं, बी शिगेनं घ्यायचं, मापावर ढीग चढेल तेवढं, आणि मीठ सपाट द्यायचं, वरून हात फिरवून. असल्या गोष्टी मला पटकन यायच्या.

दुष्काळाच्या साली ज्वारीला कणीस धरलं नाही. भीमाबाईचं घर रानावरच तगून होतं. त्या वर्षी तिनं एकदाच माझ्याकडे काही मागितलं. "लेकरं मोहाची फुलं उकडून खाऊन राहिली, शेट. यंदा मीठ बी शिगेनं द्या." मी म्हणालो, "रीत हाय ती बाई, म्या कशी मोडू?" आणि हात फिरवला. पुढच्या बाजारी तिच्या पाठीला नेहमी बांधलेलं असायचं ते तान्हं दिसलं नाही... मी विचारलं नाही. मूठभर मिठानं ते वाचलं असतं असं नाही, हे मला कळतं. तरी लाज वाटते, अजून वाटते.

आई गेल्याचं सांगितलं त्या दिवशी मुलीनं माझं पितळी माप ओढून घेतलं, बी ओतलं, शीग चढली. मग तळहातानं ती पुसून वरचं बी परत पदरात घेतलं. "आईनं सांगून ठिवलंय," ती म्हणाली. मी मीठ शिगेनं भरून दिलं. तिनं तीही शीग पुसली आणि माझ्या पोत्यात टाकली.

ते माप आता दुकानात फळीवर असतं. गिऱ्हाईक नसलं की माझा हात त्याच्या काठावरून फिरतो, आत काही नसलं तरी.